रंग गेलेलं पाणी

पंचांगात रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला येते. अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमध्ये, ती शनिवारी येते. कुठल्या शनिवारी, हे आमच्या मंडळाची समिती ठरवते, आणि ठरवताना तिथी सोडून सगळं पाहते: मुलांच्या परीक्षा, सॉकरच्या मॅचेस, हवेतले परागकण आणि पार्किंग. त्या वर्षी हे सगळं पाहून झाल्यावर एप्रिलचा शेवटचा शनिवार उरला. होळी केव्हाच विझून गार झाली होती, पण आमच्या लोकांचा उत्साह कधी गार होत नाही. झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझा या विषयाशी संबंध आहे, म्हणून तोंड उघडते आहे. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. वसाहतीत माझी ओळख करून देताना "जंतूंचं काहीतरी करतात" असं म्हणतात. लग्नानंतर बरीच वर्षं मी महाराष्ट्रात, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी जिथे एकत्र येतं त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी नॉर्थ कॅरोलिनात आले, व्हिसाच्या कृपेनं काही वर्षं नुसत्या पोळ्या लाटल्या, आणि मग पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागले. तेव्हा रंगीत पाण्याचं काय होतं, कशानं होतं आणि कशानं बिघडतं, एवढं एक मला कळतं. बाकी कशातलं कळतं असा माझा दावा नाही. आमच्या वसाहतीत असा दावा न करणारी मी बहुधा एकटीच.

त्या वर्षी आमच्या घरात एकच प्रश्न होता: सासूबाई राहणार की जाणार.

सासरे गेल्यावर नवऱ्यानं त्यांना जानेवारीत इकडे आणलं. तो एकुलता एक. तिकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई एकटी आहे, हा विचार त्याला झोपू देत नव्हता. त्यांनी कायमचं राहावं, ग्रीन कार्डचं काय ते तो पाहील, फक्त त्यांनी हो म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. सासूबाई हो म्हणत नव्हत्या. त्यांनी अमेरिका खिडकीतून पाहिली आणि नापास केली. रस्त्यावर माणूस नाही, भाजीला चव नाही, नात कॉलेजला लांब आणि फोनवर आली की इंग्रजीत उत्तरं देते. "एवढी घरं बांधून ठेवलीत, राहतं कोण?" असं त्यांनी मला विचारलं होतं. आमचं दोघींचं फार गूळपीठ कधीच नव्हतं, पण नाकं मुरडण्यात आमचं एकमत व्हायचं. सासू-सुनेचं नातं टिकायला तेवढं पुरतं.

मार्चच्या अखेरीस ऊन जरा तापलं आणि त्यांना तळं सापडलं.

तळं म्हणजे काही सरोवर नव्हे. वसाहतीतलं पावसाचं पाणी वाहून जिथे साठतं ते डबकं. मधोमध एक कारंजं, काठाला एक बाक. पण त्यात तळहाताएवढे चपटे मासे होते. सासूबाई शिळ्या पोळीचे तुकडे घेऊन तिथे जाऊ लागल्या. हंसांना खायला घालू नये अशी पाटी तिथे होती, पण पाटीवर चित्र हंसाचं होतं, माशाचं नव्हतं, हे त्यांनी मला दाखवून दिलं. मासे त्यांना ओळखू लागले. त्या बाकावर टेकल्या की पाण्याखाली सावल्या गोळा व्हायच्या. त्या माशांशी बोलायच्या. माझ्याबद्दलच्या तक्रारीही त्यांना सांगायच्या, हे मी मागून जाऊन स्वतः ऐकलं आहे. भाजीत मीठ कमी घालते, इथपासून सुरुवात होती.

एप्रिलच्या मध्याला त्या पहिल्यांदा "जायचंय" ऐवजी "बघू" म्हणाल्या. नवरा हरखून गेला. ऑफिसातून मला फोन करून म्हणाला, आई बघू म्हणाली. चार माशांनी जे केलं ते त्याला आणि मला मिळून जमलं नव्हतं.

आता रंगपंचमी. दुकानात मिळतो तो मक्याच्या पिठाचा गुलाल आमच्या लोकांना पचपचीत वाटतो. झटकला की जातो, लहानपणची मजा येत नाही. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी भारतातून येताना बॅगेत पक्क्या रंगाच्या डब्या आणल्या. अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले, निवृत्त इंजिनियर, आयुष्यभर त्यांनी पार्किंगच्या इमारती बांधल्या. त्यांना कुठल्याच विषयाचं वावडं नाही आणि कुठल्याच विषयाची माहिती नाही. चिमूटभर रंगानं पिंप भरतं, हे ते सगळ्यांना अभिमानानं सांगत होते. पिंपंही तशीच आणली होती, निळी, मोठाली. हिरवळीवर पाणी उडालं, गाणी लागली, जिलबी झाली. संध्याकाळी आवरताना उरलेली पिंपं रस्त्याकडेच्या गटाराच्या तोंडात ओतली. त्या तोंडावर लोखंडी पट्टी होती आणि पट्टीवर माशाचं चित्र होतं. इथे ओतलेलं थेट तळ्यात जातं, कुठेही साफ होत नाही, एवढ्याचसाठी ते चित्र असतं. बारावीच्या मुलांना आयव्ही लीगची स्वप्नं दाखवणाऱ्या लोकांना ते चित्र वाचता आलं नाही. मी ओरडले तेव्हा शेवटचं पिंप पालथं होत होतं. रविवारी पाऊस आला आणि हिरवळीवरचाही रंग धुऊन तळ्यात गेला.

सोमवारी तळं जांभळट गुलाबी झालं होतं. कारंज्यातून सरबत उडत होतं.

वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, जिला सगळे एचओए म्हणतात, तिची ईमेल आली. मे महिन्यात पाणी पूर्ववत दिसलं नाही तर यापुढे हिरवळीवर मंडळाचा कार्यक्रम होणार नाही. दिसलं नाही तर, असा शब्द होता. दिसण्यापलीकडे त्यांनाही काही नको होतं. पण हिरवळ गेली तर गणपती कुठे बसवायचा, म्हणून काकांनी घरी तातडीची बैठक घेतली. मला खास बोलावलं, कारण मी जंतूंचं काहीतरी करते.

मी सांगितलं, काहीही करू नका. गावाच्या पाणी खात्याला खरं काय ते कळवा, कारंजं चालू ठेवा, बाकीचं ते लोक पाहतील. हा सल्ला कुणालाच आवडला नाही. काही न करण्यासाठी समिती नेमता येत नाही, आणि फोटोही काढता येत नाहीत.

मग एका तरुणानं विचारलं, बॅक्टेरिया रंग खातात ना? खातात, मी म्हटलं, पण त्यांचे नखरे असतात. पाणी गार असलं की ते हातपाय आखडून बसतात. फार आंबट चालत नाही, फार खारट तर मुळीच नाही. नुसत्या रंगावर त्यांचं पोट भरत नाही, सोबत काहीतरी गोडधोड लागतं. आणि मुख्य म्हणजे या रंगांतले बरेचसे ज्या जोडावर उभे असतात तो जोड ते हवा असताना तोडत नाहीत. पाण्यात ऑक्सिजन मिळतोय तोवर ते त्याच्यावरच जगतात, रंगाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ऑक्सिजन संपला की मग नाइलाजानं रंगाला हात घालतात.

हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं महत्त्वाचं होतं. जोड तुटला की रंग जातो, पण पदार्थ जात नाही. त्याचे तुकडे पाण्यातच राहतात, बिनरंगी, आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा वाईट असतात. त्या तुकड्यांचा निकाल लावायला दुसरे जिवाणू लागतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. म्हणून आमच्या केंद्रात एका टाकीचं झाकण बंद असायचं आणि पुढच्या टाकीत खालून हवा सोडायचे. तळ्याला झाकणही नाही आणि दुसरी टाकीही नाही. शिवाय त्याच पाण्यातल्या हवेवर मासे जगतात.

हे मी सांगत असताना काकूंनी साबुदाण्याचे वडे आणले. गरम होते. माझं उरलेलं अर्धं शास्त्र त्या वड्यांबरोबर चटणी लावून खाल्लं गेलं.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर काकांची योजना आली. शेतीच्या कुठल्याशा चॅनलवर त्यांनी जीवामृत पाहिलं होतं: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. ते तळ्यात सोडायचं. शेणात जिवाणू, गुळात खाऊ. आणि ऑक्सिजन नको म्हणून कारंजं बंद. खाली ओळ होती, शास्त्रीय मार्गदर्शन, आणि पुढे मी. माझं नाव त्या शेणात गेलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं की असं काहीही मी सांगितलेलं नाही. त्यावर जोडलेले हात आले, अंगठे आले, आणि एका बाईंनी गोमूत्र कुठल्या दुकानात स्वस्त मिळतं ते विचारलं.

तयारी मात्र अशी झाली की लग्नघरी व्हावी. इंडियन ग्रोसरीत उदबत्त्यांशेजारी गोवऱ्यांची पाकिटं मिळतात. "खाण्यासाठी नाही" असं त्यांवर छापलेलं असतं. ज्यानं छापलं त्यानं आमच्या मंडळाची एखादी बैठक पाहिली असावी. पण काकांना ताजं शेण हवं होतं. गावाबाहेरच्या एका दूधवाल्या शेतकऱ्यानं ते आनंदानं दिलं, हवं तेवढं न्या म्हणाला, आणि एका नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीतून ते काकांच्या गॅरेजमध्ये आलं. रंगाच्याच निळ्या पिंपांत ते कालवलं. गुळाच्या ढेपांच्या ढेपा गेल्या. कुणी उरलेलं ताक आणून ओतलं. एकानं तळ्याचे रोज फोटो काढून रंगाचा आलेख काढायचं काम अंगावर घेतलं आणि बारीकसारीक छटांची नावं शोधण्यात स्वतःचे ऑफिसचे तास घालवले. वास इतका सुटला की काकू मुलीकडे सनीव्हेलला निघून गेल्या. त्या घरात अक्कल होती ती विमानानं गेली.

मी एचओएच्या बाईंना फोन केला. या लोकांना थांबवा, म्हटलं. त्या बाईंनी मायाळू आवाजात विचारलं की हे मिश्रण नैसर्गिक आहे का. शेण नैसर्गिकच असतं, असं मला म्हणावं लागलं. मग त्यांनी आणखी मायाळू आवाजात विचारलं, हा तुमच्या संस्कृतीचा भाग आहे का? नाही, मी म्हटलं. पण काकांनी त्यांना आधीच हो म्हणून सांगितलं होतं आणि त्यांना तेच हवं होतं. संस्कृती म्हटलं की इथे पुढचा प्रश्न विचारणं असभ्य ठरतं. केमिकल नाही ना, मग वंडरफुल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. गावाच्या पाणी खात्यात मी निरोप ठेवला. त्यांचा माणूस आला तो सगळं संपल्यावर.

राहिलं कारंजं. त्याच्या स्विचच्या पेटीची किल्ली माझ्या नवऱ्याकडे होती, कारण तो एचओएच्या बागकाम समितीवर स्वयंसेवक होता. स्वयंपाकघरात मी त्याला स्वच्छ सांगितलं की कारंजं बंद करू नकोस. गूळ पडला की जिवाणू वाढतील, ते पाण्यातली हवा पिऊन टाकतील, कारंजं तेवढी हवा परत आत घालतंय. ते बंद झालं तर मासे मरतील. आणि मासे मेले तर तुझी आई इथे राहणार नाही.

"अगं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "काकांना नाही कसं म्हणू?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. तो कुणाचाच शब्द मोडत नाही, माझा सोडून. ऑफिसात मॅनेजरला, देवळात गुरुजींना, मंडळात काकांना तो हो म्हणतो, आणि घरी येऊन मला समजूतदारपणा शिकवतो. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा कारंजं बंद होतं आणि पिंपं रिकामी होती. किल्ली त्याच्या खिशात होती.

आणि नेमकी हवा तापली. मेच्या सुरुवातीला आमच्याकडे एकेक आठवडा असा येतो की जुलै वाटावा. गार पाण्यात जे जिवाणू महिनाभर आळसावून पडले असते ते उबेनं कामाला लागले. खायला गूळ, पाणी स्थिर, वरून ऊन. याहून चांगली व्यवस्था आमच्या केंद्रातही कधी नसायची. तिकडे सुट्टीच्या दिवशी कापडाची खळ यायची थांबली की आमचे जिवाणू उपाशी राहायचे, मिठाचं पाणी आलं की मरगळायचे, आणि साहेब तपासणीला आले की नेमके संपावर जायचे. इथे अडाण्यांच्या हातून सगळं जुळून आलं होतं. जांभळा रंग फिका होत गेला, मग मळकट गुलाबी, मग नुसता मळकट. काका रोज दोनदा फोटो टाकत होते. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असंही कुणी लिहिलं. पूर्वजांनी पक्का रंग बॅगेत घालून समुद्रापार नेला नव्हता, हे लिहायला माझी बोटं शिवशिवत होती.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी सासूबाई तळ्यावरून आल्या त्या खुशीत. पदर सावरत जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, "आज सगळे वर आले होते. एकजात सगळे. तोंडं उघडून. मेली पोळीच पुरली नाही."

मी घास ताटात ठेवला. मासे असे वर येतात ते भुकेनं नाही. पाण्यात हवा उरली नाही की ते वरच्या पातळ थराला तोंड लावतात. मी नवऱ्याकडे हात पसरला, त्यानं किल्ली दिली. तशीच उठून गेले आणि कारंजं चालू केलं. खालचं काळं, कुजकं पाणी वर उडालं. सूर्य अजून मावळला नव्हता. पाण्याच्या कडेला माशांची तोंडं ओळीनं उघडझाप करत होती. आणखी काहीच करता येत नव्हतं.

सकाळी मासे पांढऱ्या पोटांनी वर तरंगत होते. सासूबाई रोजच्या वेळी पोळी घेऊन गेल्या, मी थांबवलं तरी गेल्या, आणि लगेच परत आल्या. पोळी डब्यात ठेवली. "सगळे गेले," एवढंच म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

तळ्याचा रंग मात्र गेला होता. एचओएचं माणूस जाळी घेऊन आलं, मासे गोळा केले, आणि पाणी पूर्ववत दिसू लागलं. मंडळाचे आभार मानणारी ईमेल आली. मासे उकाड्यानं मेले, असं काकांनी ठरवलं. निसर्गाचं चक्र आहे, म्हणाले. मासे विकणाऱ्या एका ट्रकवाल्याला सांगितलंय, तो जूनमध्ये नवीन आणून सोडेल, असंही म्हणाले. मी बाटलीभर पाणी लॅबमध्ये नेऊन तपासलं. रंगाचे बिनरंगी तुकडे त्यात होतेच, व्हायचेच होते. एचओएला तसं कळवलं. पाणी ग्रेट दिसतंय, असं उत्तर आलं. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं मानणारे साहेब मी तिकडे पाहिले होते, आणि त्यांच्या अडाणीपणाला मी आपल्या देशाचा अडाणीपणा समजत होते. तो गैरसमज त्या उत्तरानं फिटला.

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम, अर्थात शनिवारी, मेच्या मध्याला झाला. काकांना शाल आणि श्रीफळ. शास्त्रीय मार्गदर्शनाबद्दल मलाही. मी शाल घेतली नाही, माइक घेतला. वड्यांत बुडालेलं अर्धं शास्त्र मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारंजं बंद झाल्यावर मासे कसे गुदमरले ते सांगितलं, आणि हे सगळं तुमच्या हातून झालं असंही सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं सगळ्यांनी, पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनीही. मग टाळ्या वाजल्या. बाहेर पडताना एका गृहस्थानं मला गाठून विचारलं की हेच मिश्रण त्याच्या स्विमिंग पूलला चालेल का. चालेल, मी म्हटलं, आधी तुम्ही उतरा.

घरी आल्यावर सासूबाईंनी नवऱ्याला सांगितलं, माझं तिकीट काढ.

त्यानं खूप विनवण्या केल्या. जूनमध्ये मासे येणार आहेत म्हणाला. दुसरं तळं दाखवायला घेऊन गेला, तिथे त्या गाडीतून उतरल्या नाहीत. माझ्याशी त्या नेहमीसारख्या वागत होत्या, मीठ कमी पडलं की सांगत होत्या, पण तळ्याचा विषय निघाला की उठून जात होत्या. मला वाटलं, माशांची सवय झाली होती, ते गेले, आता त्यांना इथे काय उरलं. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं. विचारायचं धाडस दोघांनीही केलं नाही.

विमानतळावर व्हीलचेअरची वाट पाहत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. सासूबाई मध्ये होत्या. नवऱ्यानं त्यांचा हात हातात धरला होता. पुन्हा एकदा, शेवटचं, तो म्हणाला की सहा महिन्यांनी परत ये, तोवर सगळं नीट झालेलं असेल.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या काठावर मला बसवणार नाही. मीच मारले ना ते."

आम्हाला काही कळेना.

"मीच नव्हतं का तुला म्हटलं, कारंज्याच्या आवाजात मासे माझं ऐकत नाहीत म्हणून? आणि तू लगेच आलास. भर दुपारी, काम टाकून. पेटी उघडलीस, कारंजं बंद केलंस. माझ्याजवळ बसलासही जरा वेळ. किती दिवसांनी बसलास. त्याच दिवशी मी ठरवलं होतं, राहायचं इथंच. सांगणार होते तुला. आणि माझ्याच हौसेपायी एवढे जीव गेले. हे घेऊन कशी राहू?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोलेल, म्हणून वाट पाहिली. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. आयुष्यात मला त्याचा इतका राग कधी आला नाही. ही बाई नसलेलं पाप उराशी धरून, हजारो मैल लांब त्या रिकाम्या दोन खोल्यांत जाऊन बसणार होती, आणि हा गप्प होता.

म्हणून मी बोलले. "आई, तुमच्यामुळे नाही झालं ते. कारंजं यानं तुमच्यासाठी बंद केलंच नव्हतं. काकांनी सांगितलं होतं, रंग जायला पाहिजे म्हणून. तुमचं त्यात काही नाही."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पर्स मांडीवर ओढली.

"मला वाटलं, माझ्यासाठी केलंस," त्या म्हणाल्या.

व्हीलचेअर घेऊन मुलगी आली तेव्हा त्या कुणाचा आधार न घेता स्वतःच उठून तिच्यात बसल्या.